वाचकांचे प्रश्न : अनोळखी माणसाशी पहिले वाक्य

या अंकासाठी निवडलेली पत्रे एकाच अडचणीभोवती फिरतात. बसमध्ये, नळावर किंवा फिरायच्या मैदानावर शेजारी असलेल्या अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलावेसे वाटतात, पण तोंड उघडत नाही. आपल्या सीमाभागात या अडचणीला भाषेचाही एक पदर आहे आणि एका भगिनीने तो नेमका मांडला आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका गावातून रोज बसने बेळगावला नोकरीसाठी जाते. शेजारी रोज वेगळी बाई बसते. बोलावेसे वाटते, पण काय बोलावे ते सुचेपर्यंत पिरनवाडी आलेली असते. आपण उगाच लगट करतो आहोत असे समोरच्या बाईला वाटेल, अशी भीती वाटते. काय करावे?

उत्तर : ही भीती पुष्कळांना वाटते आणि बहुतेक वेळा ती चुकीच्या अंदाजावर उभी असते. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील शिकागो शहरात रेल्वेने आणि बसने कामावर जाणाऱ्या लोकांवर प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. काही प्रवाशांना त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितले, काहींना एकटे गप्प बसायला आणि काहींना नेहमीसारखा प्रवास करायला सांगितले. जे बोलले त्यांचा प्रवास अधिक सुखाचा झाला. ज्यांना फक्त अंदाज विचारला होता, त्यांना मात्र गप्प बसण्यातच सुख आहे असे वाटत होते. या उलट्या अंदाजाचे कारण असे, की स्वतःची बोलायची तयारी असली तरी समोरच्याची नसणार, असे प्रत्येक जण धरून चालतो. मग एकाच बाकावर बसलेल्या दोघी मनातल्या मनात एकमेकींचा नकार गृहीत धरून बसून राहतात.

काय बोलावे हे सुचत नाही, याचे कारण मला असे वाटते, की आपण चांगले वाक्य मनात शोधत राहता आणि त्या वेळी समोर काय चालले आहे याकडे आपले लक्ष नसते. पहिले वाक्य दोघींच्या डोळ्यांसमोर जे आहे त्यातून घ्यावे. बसमध्ये अशा गोष्टींना तोटा नाही. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातील महिलांना शक्ती योजनेखाली सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास मिळतो, तेव्हापासून बायकांची गर्दी वाढली आहे आणि सकाळच्या गाडीत निम्म्या जणी उभ्याच असतात. समजा, आपल्याला बसायला जागा मिळाली आहे आणि एक बाई कडेवर मूल, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात कंडक्टरला दाखवायचे आधार कार्ड अशा अवस्थेत शेजारी येऊन उभी राहिली. "द्या ती पिशवी इकडं, मांडीवर घेते," एवढे म्हटले की बोलणे सुरू झाले. मग "कुठवर जाणार?" असे विचारले तर त्यात चौकशीचा वास येत नाही, कारण पिशवी कुठपर्यंत धरायची हे आपल्याला ठाऊक असणे त्या बाईलाही रास्तच वाटते.

पुढचे पाऊल जरा जपून टाकावे. ती म्हणाली, "दवाखान्यात चाललोय, सासूबाईंना दाखवायला," तर लगेच "काय झालंय त्यांना?" असे विचारू नये. आजार सांगायचा की नाही हे तिचे तिने ठरवायचे आहे. "स्टँडवरून पुढं दुसरी गाडी धरायची काय? सकाळी लवकर मिळते," असे म्हणावे. यात आपल्याकडून थोडी मदत होते आणि तिला हवे असेल तर आजाराचे सांगायला वाटही मोकळी राहते. एक प्रश्न विचारला की दुसरा विचारण्यापूर्वी आपल्याविषयी एखादे वाक्य सांगावे, हेही फार महत्त्वाचे आहे. "मी रोज याच गाडीनं जाते, मच्छेपर्यंत अशीच गर्दी असते," इतके पुरे. ओळीने प्रश्नच आले की समोरच्या माणसाला जबानी दिल्यासारखे वाटू लागते.

आपल्याकडे "गाव कंचं?" हा जुना प्रश्न आहे आणि मला तो अजूनही सर्वांत चांगला वाटतो. गाव कळले की पाऊस कसा आहे, भाताची रोप लागवड झाली का, सुगी कुठवर आली, यंदा जत्रा आहे का, यांपैकी काहीही निघू शकते. देसूर किंवा गर्लगुंजी म्हटले की आपली एखादी मावशी, नणंद, वर्गमैत्रीण तिथली निघतेच. याच प्रश्नाच्या मागोमाग येणारे "आडनाव काय?" आणि "कुणापैकी?" हे दोन प्रश्न मात्र आपण सोडून द्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. विचारणाऱ्याच्या मनात काही नसेलही, तरी ऐकणाऱ्याला आपली जात तपासली जात आहे असे वाटते, आणि अनेकांच्या बाबतीत ते वाटणे अनुभवाने आलेले असते. "लग्न झालं का?" आणि "मुलं किती?" या प्रश्नांचेही तसेच आहे. ज्या बाईला मूल नाही, तिला हा प्रश्न आयुष्यभर अनोळखी तोंडांतून ऐकावा लागतो, तेव्हा निदान आपण तरी तो विचारू नये.

लगट होते आहे का, हे ओळखणे अवघड नाही. दोनदा एकाच शब्दात उत्तर आले, नजर खिडकीबाहेर गेली किंवा मोबाईल हातात आला, की तिथे थांबावे. त्यात आपला अपमान नाही. रात्रपाळी करून आलेल्या किंवा घरातून भांडून निघालेल्या बाईला बोलायचे नसते, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. उतरताना मात्र "येते हं" म्हणायला विसरू नये, म्हणजे पुन्हा कधी तीच बाई भेटली तर बोलणे पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही.

प्रश्न : माझे माहेर गडहिंग्लज तालुक्यात आहे आणि सासर गोकाक तालुक्यात. घरात मराठी बोलतात, पण शेजार, बाजार, दवाखाना सगळे कन्नड आहे. मला कन्नड थोडे समजते, बोलताना मात्र अडखळते. नळावर बायका हसत-बोलत असतात, मी घागर भरून खाली मान घालून घरी येते. बोलायला सुरुवात मराठीत करावी की मोडक्या कन्नडमध्ये?

उत्तर : मोडक्या कन्नडमध्ये करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मी मराठीविषयीच्या पूर्ण ममत्वाने देत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून आपल्या भागात भाषा हा नाजूक विषय आहे. त्याच तारखेला एका घरी राज्योत्सवाचा आनंद असतो आणि दुसऱ्या घरी काळा दिन पाळला जातो. सीमाप्रश्नावर आपले मत असावे आणि ते योग्य ठिकाणी मांडावेही, पण नळावर पहिल्यांदा भेटणाऱ्या बाईपुढे तो विषय काढू नये. ती कोणत्या बाजूची आहे याची परीक्षा तर अजिबात घेऊ नये. त्या बाईने आपल्याशी बोलायचे ठरवावे ते शेजारीण म्हणून.

याच कारणासाठी "तुम्हाला मराठी येतं का?" असा प्रश्न मी टाळीन. विचारणारीला तो साधा वाटतो, पण येत नसेल तर समोरच्या बाईला "नाही" म्हणावे लागते आणि बोलणे नकारानेच सुरू होते. त्याऐवजी आपलीच उणीव पुढे करावी. "अक्का, ननग कन्नड सोल्प बर्तैत्री, तप्पादर हेळ्री," म्हणजे मला कन्नड थोडे येते, चुकले तर सांगा, हे एक वाक्य पाठ करून ठेवावे. माझी खात्री आहे की चारपैकी एखादी बाई लगेच मराठीत उत्तर देईल, कारण गोकाक-हुक्केरीकडच्या पुष्कळ बायकांना मराठी समजते. संकेश्वर-निपाणीचा बाजार, कोल्हापूरकडची सोयरीक आणि दूरदर्शनवरच्या मालिका यांतून ती त्यांच्या कानावर असते. बाकीच्या आपल्याला शिकवायला लागतील आणि शिकवणे हेच मोठे बोलणे आहे. हाक मारायची अडचण तर येणारच नाही. अक्का, अण्णा, मामा, काका, अज्जी या हाका दोन्ही भाषांत चालतात आणि वयाने मोठ्या माणसाला त्यांत मान मिळतो.

पहिल्या वाक्यानंतर काय, असे आपण विचाराल. "ऊटा आतेनरी?" म्हणजे जेवण झाले का, हा प्रश्न तिकडे दिवसातून कितीही वेळा आणि कोणालाही विचारता येतो. मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव्ह मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्येच दाखवून दिले होते, की माणसांचे पुष्कळसे बोलणे माहिती घेण्यासाठी नसते, ते फक्त नाते बांधण्यासाठी असते. जेवण झाले का, पाणी आज उशिरा आले, ऊन फार आहे, हे सगळे त्याच जातीचे बोलणे आहे. ते क्षुल्लक म्हणून टाळले तर पुढचे, महत्त्वाचे बोलणे येणार कुठून?

त्यानंतर एखादी गोष्ट शिकवायची विनंती करावी. गडहिंग्लजकडची भाकरी आणि गोकाककडची कडक रोट्टी यांत फरक आहे. ती रोट्टी इतकी पातळ कशी थापतात, शेंगांच्या होळगीत गूळ किती घालायचा, करदंट घरी करायचे तर डिंक कसा तळायचा, हे विचारावे. विचारताना मनापासून विचारावे आणि करून झाल्यावर दोन होळग्या डब्यात घालून त्या बाईकडे नेऊन द्याव्यात. होळगी बिघडली असली तरी न्यावी, कारण बिघडलेल्या पदार्थावर बायका जितक्या मनापासून बोलतात तितक्या चांगल्या झालेल्यावर बोलत नाहीत. डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत दोन्हीकडे आहे, त्यामुळे पुढची भेट त्यातच ठरून जाते.

जत्रेचा विषयही उपयोगी आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूरकडचे मराठी भक्त आणि कर्नाटकातले कन्नड भक्त एकाच रांगेत उभे असतात. आपल्या माहेरचे कोणी मार्गशीर्षात जात असेल तर ते सांगावे. ऐकणारीच्या घरातलेही कोणीतरी जात असणार.

प्रश्न : निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी म्हणून माझे आयुष्य गेले. आता मुलाकडे टिळकवाडीत राहतो. सकाळी व्हॅक्सीन डेपोच्या मैदानावर फिरायला जातो. तीच माणसे रोज दिसतात, पण कोणी बोलत नाही. निपाणीत घरापासून वखारीपर्यंत जाताना दहा जण थांबवायचे. इथे ओळख कशी वाढवावी?

उत्तर : आपल्याला त्या दहा जणांची उणीव भासते आहे आणि ती भासणे अगदी रास्त आहे. जिवलग मित्रांइतकीच अशा वरवरच्या ओळखींची माणसाला गरज असते. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ज्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त तोंडओळखीच्या लोकांशी बोलणे होते, त्या दिवशी माणसाला अधिक समाधान वाटते आणि आपण इथले आहोत ही भावनाही वाढते.

सुरुवात मात्र सावकाश करावी. वेळ आणि फेरीची दिशा रोज तीच ठेवावी, म्हणजे तीच माणसे समोरून येतील. पहिले काही दिवस नुसती मान हलवावी, मग "नमस्कार" म्हणावे, आणि एखाद्या दिवशी पावसाने मैदानावर चिखल झाला असेल तर थांबून त्याविषयी बोलावे. खरी ओळख दुसऱ्या भेटीत होते. कालच्या बोलण्यात त्या गृहस्थांनी नातवाची परीक्षा असल्याचे सांगितले असेल तर आज "पेपर कसा गेला नातवाचा?" असे विचारावे. हार्वर्डमधील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले आहे, की समोरच्याने जे सांगितले त्याच्याच अनुषंगाने पुढचा प्रश्न विचारणारी माणसे लोकांना अधिक आवडतात. याच्या आड आपल्या वयाला एक सवय येते, तिच्याविषयी स्पष्ट बोलतो. कोणी ऐकणारा मिळाला की आपण वखारीतली सगळी वर्षे एका फेरीत सांगू पाहतो. तंबाखूची प्रत नुसत्या वासावरून आणि बोटांनी कशी ओळखायची, हे आपल्याला ठाऊक असेल आणि टिळकवाडीतल्या पुष्कळांना ते ऐकायला आवडेल. पण त्यांनी विचारल्यावर आणि एका वेळी थोडेच सांगावे.

पावसाळ्यात मैदान बंद पडले तर वाचनालयाची वाट धरावी. वर्तमानपत्रांच्या टेबलावर बोलायला मनाई असली तरी "आतलं पान झाल्यावर इकडं द्याल काय?" हे कुजबुजून विचारता येते, आणि पान देणारा माणूस बहुधा थोड्या वेळाने बाहेरच्या पायरीवर चप्पल घालताना भेटतोच. तिथे "अग्रलेख कसा वाटला?" हा प्रश्न पुरेसा आहे.

प्रश्न : मी बेळगावात अभियांत्रिकी शिकतो. बसथांब्यावर रोज एक मुलगी दिसते. मित्र म्हणतात, सरळ जाऊन बोल. कसे बोलावे?

उत्तर : मित्रांचा सल्ला सोडून द्यावा. थांब्यावर उभी असलेली मुलगी तिथून निघून जाऊ शकत नाही, कारण तिला तीच बस धरायची असते. बसमध्ये तर तिला उठताही येत नाही. जिथून सहज दूर होता येत नाही तिथे अनोळखी मुलाने येऊन बोलणे याचा तिला धाक वाटू शकतो, मग आपला हेतू कितीही चांगला असो. बस उशिरा आहे का, ती कोणत्या मार्गाने जाते, हे कोणालाही विचारता येते, तसे तिलाही विचारता येईल. पण ते खरोखर हवे असेल तेव्हाच, आजूबाजूला माणसे असताना आणि एकदाच. उत्तर देऊन तिने तोंड फिरवले तर पुन्हा बोलू नये. नाव, कॉलेज, मोबाईल नंबर विचारू नये आणि तिच्यामागे त्याच थांब्यावर उतरू तर मुळीच नये. मुलींशी मोकळेपणाने बोलता यावे असे खरोखर वाटत असेल तर महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, गणेशोत्सवातील काम, रक्तदान शिबिर अशा ठिकाणी दोघांच्याही हातात काही काम असते आणि नको असेल तर दूर जायला जागाही असते. तिथे बोलावे.

प्रश्न : मी चिकोडीजवळ राहतो, वय २६. दुकानात, बँकेत, कुठेही अनोळखी माणसाशी बोलायची वेळ आली की छाती धडधडते, हाताला घाम येतो, आवाज फुटत नाही. सगळे माझ्याकडेच बघत आहेत असे वाटते. नोकरीच्या दोन मुलाखतींना मी गेलोच नाही. सगळे म्हणतात, लाजाळू आहे, होईल ठीक.

उत्तर : आपल्याला केवळ लाजाळू म्हणून सोडून देऊ नये, असे मला आपले पत्र वाचून वाटते. लाजाळू माणूस थोडा वेळ संकोचतो आणि मग रुळतो. भीतीपायी मुलाखतच सोडून द्यावी लागत असेल तर त्या भीतीवर उपचार घेण्याची वेळ आली आहे, आणि असे उपचार उपलब्ध आहेत.

सगळे आपल्याकडेच बघतात, या वाटण्याची परीक्षा कॉर्नेल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी केली होती आणि तिचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. एका विद्यार्थ्याला त्याला लाज वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले आणि नंतर किती जणांच्या ते ध्यानात आले असेल असे विचारले. अशा विद्यार्थ्यांचा अंदाज जवळजवळ निम्म्या लोकांचा होता. प्रत्यक्षात ज्यांच्या ध्यानात आले ते त्याच्या साधारण निम्मेच निघाले. बँकेच्या रांगेतल्या लोकांचे लक्षही बहुतेक वेळ आपापल्या पासबुकात आणि पुढे किती जण आहेत यात असते.

हे वाचून धडधड लगेच थांबणार नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून सराव अगदी खालच्या पायरीपासून करावा. बसस्थानकावरच्या चौकशी खिडकीपाशी जाऊन निपाणीची गाडी किती वाजता आहे, एवढेच विचारावे. तिथला माणूस दिवसभर हेच सांगत असतो आणि उत्तर मिळाले की बोलणे आपोआप संपते. ते जमू लागले की ओळखीच्या दुकानात दोन वस्तूंचे भाव विचारावेत, आणि तेही सोपे वाटू लागले की अनोळखी दुकानात. घाई करू नये, मात्र एकदा चढलेली पायरी सोडूही नये.

त्याबरोबरच तज्ज्ञाला भेटावे. धारवाड येथील मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत, म्हणजे डिमहान्समध्ये, अशा तक्रारींवर उपचार होतात. तिथे जाण्याचे धाडस आज होत नसेल तर टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तो दिवसरात्र चालू असतो. फोनवर भाषा निवडता येते, त्यामुळे मराठीतही बोलता येईल आणि कन्नडमध्येही. काय बोलायचे ते आधी कागदावर लिहून घ्यावे आणि फोन लागल्यावर ते सरळ वाचून दाखवावे. वाटल्यास मला पाठवलेले हे पत्रच वाचावे, कारण डॉक्टरांना जे कळायला हवे ते बहुतेक सगळे त्यात आहे.